मोटारसायकलीचे चार वाटे

"मालक एकच पाहिजे," हेडक्लार्क तिसऱ्यांदा म्हणाला. "मोटारसायकलीवर बसणारा एक, तर मालक चार कसे?"

"तिला मोटारसायकल समजू नका. होडी समजा," मी म्हणालो.

त्याने आधी माझ्याकडे पाहिले, मग समोरच्या कागदाकडे. कागदावर मोटारसायकलच लिहिलेली होती. फोर्टातल्या विमा कंपनीच्या त्या मोठ्या ऑफिसात डोक्यावर पंखा गरगरत होता. मी सकाळच्या बोटीने रेवसहून आलेलो, धोतराला खाऱ्या पाण्याचे शिंतोडे. असला माणूस होडी म्हणाला की तो बोटीतच डोके आपटून आला असावा, असे कुणालाही वाटेल. मी कागद गुंडाळला आणि पुढच्या कंपनीची वाट धरली.

मी अलिबागला विम्याचा एजंट होतो. गिऱ्हाइके बहुतेक आयुष्याच्या विम्याची: मास्तर, कारकून, एखादा वकील. मोटारींचा विमा क्वचित. त्या काळी गाडीच्या विम्याची सक्ती नव्हती आणि आमच्या कुलाबा जिल्ह्यात मोटारी तरी किती होत्या? मोटारसायकल दिसली तर लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहत. त्यामुळे थळचे कोळी मोटारसायकलीचा विमा काढायला माझ्या ओसरीवर आले तेव्हा मी आधी त्यांना चहा पाजला. गिऱ्हाईक चालून आले की माझी अशीच तारांबळ उडते.

चौघे आले होते. धर्मा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, उंच आणि कमी बोलणारा. त्याचा धाकटा भाऊ लक्ष्मण. गोमा, तरुण, हसरा, मुंबईला एका गॅरेजमध्ये काम करून आलेला. गाडी चालवणार तोच. आणि हिराबाई. हिराबाईचा नवरा याच होडीवर होता. एका वादळात तो गेला, होडी परत आली. होडीतला त्याचा वाटा आता हिराबाईचा होता.

हा वाटा काय ते आधी सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. कोळ्यांची होडी बहुधा एकट्याची नसते. दोघा-चौघांनी मिळून बांधलेली असते. मासळी आली की तिचे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, अंगमेहनतीचा वाटा. हे कुठे लिहिलेले नसते आणि त्यावरून भांडणही क्वचितच होते. या चौघांनी अशीच वाट्याने एक मोटारसायकल घेतली होती. वापरलेली, विलायती, शेजारी माणूस बसायच्या जागी लाकडी पेटी ठोकलेली. सकाळची मासळी बर्फात घालून पोयनाडच्या बाजारात ताजी पोचवायची, असा बेत. बैलगाडीने जाईपर्यंत मासळीचा वास माणसाच्या आधी बाजारात पोचायचा.

"नाना, सोस्तातला इमा काढा," धर्मा म्हणाला.

सगळे हेच म्हणतात. विम्यात काय काय मिळणार ते कुणी विचारत नाही, पण कितीला पडणार ते विचारल्याशिवाय खाली बसत नाही. मी समजावले. एक स्वस्त विमा असतो, तो फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा; तुमच्या गाडीने कुणाला इजा झाली तर कंपनी देते, तुमची गाडी मोडली तर तुमचे तुम्ही. दुसरा कॉम्प्रिहेन्सिव्ह. म्हणजे सगळे आले: दुसऱ्याचे नुकसान, गाडीची मोडतोड, आग, चोरी.

"त्यो दुसरा," हिराबाई पहिल्यांदाच बोलली. "आन माझं नाव पायजे त्याच्यात."

गोमाचा चेहरा उतरला. गाडीचा नंबर त्याच्या नावावर होता, कारण नंबर एकाच्याच नावावर लागतो. खरेदीची पावतीही त्याच्याच नावाची.

"वैनी, माझ्यावर भरोसा न्हाय व्हय?"

"हाय ना. म्हनून तं आता मागतंय," ती म्हणाली. "भरोसा गेल्यावर कोन कागुद देल?"

मग हिराबाईने शांतपणे सांगितले की तिच्या वाट्यासाठी तिने नवऱ्याने केलेल्या पाटल्या मोडल्या होत्या. गाडी चालली तर ठीकच. पण गाडी गेली, तर पाटल्यांचे पैसे तिच्या हातात यायला हवे होते. कुणाच्या हातून नव्हे.

"कोनाच्या दारात जाऊन माझं मना द्या, आसं बोलायला लावू नका, नाना."

मी हो म्हणालो. हो म्हणताना मला वाटले होते, एका ओळीचे तर काम आहे.

ती एक ओळ लिहून घ्यायला मी मुंबईत दोन दिवस तंगडतोड केली. पहिली कंपनी गोऱ्यांची. दर सगळ्यांत कमी, कारण अट एकच: मालक आणि चालवणारा एकच माणूस. ज्याची गाडी तो ती जपून चालवतो, असा त्यांचा हिशेब. हिशेब चुकीचाही नाही. पण चार मालक म्हटल्यावर हेडक्लार्कने जे केले ते वर सांगितलेच आहे.

दुसऱ्या कंपनीत साहेब भला होता. त्याने खुर्ची दिली, पान दिले, ऐकूनही घेतले. मग म्हणाला, "हे भागीदारीचे दुकान झाले. आधी वकिलाकडून भागीदारीचा लेख करून आणा. शिवाय माल वाहणार, म्हणजे धंद्याची गाडी." धंद्याच्या गाडीचा दर त्याने सांगितला. तो ऐकून मी पान गिळले. त्या दरात गाडीने वर्षभर मासळी वाहिली असती ती फक्त कंपनीसाठी.

तिसरी कंपनी नवी, देशी, एका पेढीच्या माडीवर थाटलेली. मॅनेजर मेहता नावाचा गुजराती. त्याला धंदा हवा होता आणि मला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते, म्हणून मी जरा ताणून धरले.

"चार नाम नहीं चालेगा, नानासाहेब. एक नाम लिखो," तो म्हणाला.

"मग मी जातो. रेवसची बोट सुटेल."

"अरे बसा, बसा! तुम्ही लोक एकदम उठता."

तासभर घासाघीस झाल्यावर असे ठरले: पॉलिसी गोमाच्या नावे, गाडी चालवणार फक्त गोमा, आणि सोबत एक एंडोर्समेंट. एंडोर्समेंट म्हणजे पॉलिसीला डकवलेली पुरवणी. तिच्यात उरलेल्या तिघांची नावे, आणि त्यापुढे विम्याच्या धंद्यातले एक ठरीव वाक्य: ज्याचा जितका हितसंबंध दिसून येईल त्याप्रमाणे. दर गोऱ्यांच्या कंपनीपेक्षा थोडा वर, पण झेपणारा. मेहताला मी म्हटले, देव तुमचे भले करो. तो म्हणाला, देव नंतर, आधी हप्ता.

थळला जाऊन मी पुरवणी वाचून दाखवली. हिराबाईने विचारले, "माझं नाव कंचं?" मी बोट ठेवले. तिने त्याच जागी आपले बोट ठेवले आणि मान हलवली. ते ठरीव वाक्यही मी वाचले. त्याचा अर्थ कुणी विचारला नाही आणि तो इतका महत्त्वाचा ठरेल असे मलाही वाटले नव्हते.

गाडी झकास चालली. पोयनाडच्या बाजारात थळची मासळी टवटवीत दिसू लागली. गोमा वाटेतल्या कार्ले खिंडीतून हॉर्न वाजवत जाई तो लांबून ओळखू येई.

मग एके दिवशी त्या खिंडीच्या वळणावर समोर बैलगाडी आली. गोमाने बैल वाचवले. त्यासाठी गाडी कडेला घेतली आणि ती खालच्या घळीत गेली. गोमा वरच्या वर फेकला गेला म्हणून हात मोडण्यावर निभावले. गाडीचा सांगाडा तुटला, पुढचे चाक धरणारा काटा वाकला, पेटीच्या फळ्या झाल्या. अलिबागच्या मिस्त्रीने एक फेरी मारून सांगितले की ही आता दुरुस्त होणारी नाही. मी मेहताला तार केली. धर्माला सांगितले, मोडलेली गाडी थळला नेऊन ठेवा, मुंबईहून माणूस येईल आणि ती पाहील.

माणूस यायला बरेच दिवस लागले. त्याचे नाव पेस्तनजी. सर्व्हेयर होता. सर्व्हेयर म्हणजे नुकसान खरोखर झाले का, किती झाले, हे जागेवर पाहून कंपनीला कळवणारा. त्याच्या रिपोर्टवर क्लेम मिळतो किंवा बुडतो. लांब कोट, गोल टोपी, हातात मोजपट्टी. तोंडाने कडक, पण अन्याय करणारा नव्हे, असे मी त्याच्याबद्दल ऐकून होतो. मी त्याला रेवसहून टांग्याने थळला आणले. किनाऱ्यावर मासळी वाळत पसरलेली, होड्या ओढून ठेवलेल्या.

"चला, मोटारसायकल बतावा," पेस्तनजी म्हणाला.

"या, दावतो," धर्मा म्हणाला आणि आपल्या घराकडे चालू लागला. घराशी त्याने पुढचे चाक दाखवले. फक्त चाक. आऱ्या काढलेल्या, आणि कड्याला जाळे बांधून त्याचा चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायचा फास केलेला.

"आणि बाकीची गाडी?"

"लक्षुमनाकडं हाय थोरी."

लक्ष्मणाकडे तुटलेला सांगाडा आणि चेन होती. ती त्याने होडीच्या नांगराला जोडली होती. दिवा होडीच्या डोलकाठीवर चढला होता. बसायची गादी ओट्यावर होती आणि तिच्यावर लक्ष्मणाची आई बसून कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडत होती. गोमाच्या घरी टाकी, वाकलेल्या काट्यासकट हँडल आणि मागचे चाक. पेटीच्या फळ्यांचे प्रत्येक घरी सारखे तुकडे. आणि हिराबाईच्या दारात, कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली, इंजिन.

पेस्तनजी थांबला. त्याने टोपी काढून कपाळ पुसले.

"नाना, हे काय आहे?"

काय आहे ते मला तोवर कळले होते. होडी फुटली की कोळी तिचे लाकूड आणि लोखंड वाटून घेतात. माल सारखा चार ढिगांत घालायचा. प्रत्येकाने आपली एकेक खूण द्यायची: कुणी शिंपला, कुणी काडी, कुणी खडा. खुणा देताना पाठमोऱ्या उभ्या असलेल्या माणसाने, कुणाची कोणती ते न कळता, त्या ढिगांवर ठेवायच्या. ज्याची खूण ज्या ढिगावर, तो त्याचा. या चौघांनी मोटारसायकलीचे तेच केले होते. त्यांच्या लेखी गाडी फुटली होती आणि फुटलेल्याचे वाटे पडतात.

आता विम्याचा नियम असा, की गाडी पूर्ण गेली म्हणून कंपनीने पैसे दिले की मागे राहिलेले मोडके सामान कंपनीचे. त्याला सॅल्व्हेज म्हणतात. म्हणजे या शहाण्यांनी कंपनीचा माल वाटून घेतला होता, आणि वर सर्व्हेयर यायच्या आधी गाडी खोलून अपघाताचा पुरावाही घालवला होता.

पेस्तनजी भडकला. "असा मूर्खपणा मी अख्ख्या नोकरीत पाहिला नाही! कंपनी एक पै देणार नाही. गाडी मोडली की तुम्हीच मोडली, मी कसे लिहू?"

धर्माचा चेहरा पडला. "साहेब, कुनी इकली न्हाय. समदी हितंच हाय."

"मग आणा! एक नट कमी असला तर मी निघालो."

मलाही राग आला होता, त्यांचा आणि माझाही. पण राग काढायला वेळ नव्हता. मी म्हटले, सगळे वाळूवर आणा. मग जी धावपळ झाली ती पाहण्यासारखी होती. फासाचे जाळे सोडवले. नांगराची चेन निघेना तेव्हा नांगरासकट आणली. म्हातारीला उठवून गादी काढली. ती जाताना आम्हा सगळ्यांना शिव्या देऊन गेली. दोन माणसांनी बांबूला अडकवून इंजिन आणले. नट आणि बोल्ट करवंटीत जपून ठेवलेले निघाले. हात गळ्यात बांधलेला गोमा कुठे काय ते सांगू लागला आणि वाळूवर आडवी पडलेली एक मोटारसायकल तयार झाली.

पेस्तनजी गुडघ्यावर बसला. तुटलेला सांगाडा जोडून पाहिला, वाकलेला काटा मोजला, खरचटल्याच्या दिशा पाहिल्या. कोणता तुकडा कुठल्या घरातून आला तेही लिहून घेतले. शेवटी उठून त्याने गुडघ्याची वाळू झटकली.

"अपघात खरा आहे. सामान पुरे आहे. क्लेम मी पास लिहितो," तो म्हणाला. माझा जीव भांड्यात पडतो आहे तोच पुढे म्हणाला, "चेक गोमाच्या नावे."

"पुरवणीत चार नावे आहेत," मी म्हणालो.

"आहेत. पण पुढे काय लिहिले आहे? हितसंबंध दिसून येईल त्याप्रमाणे. तो दिसला पाहिजे, नाना. नंबर गोमाचा, पावती गोमाची. या बाईचा चौथा हिस्सा आहे याला पुरावा काय?"

"माझ्या नावं द्या, साहेब," गोमा घाईने म्हणाला. "मी आजच समद्यांना देतो. समिंदराची आन."

तो खरेच देणार होता. याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. पण हिराबाईने गोमाकडे पाहिले नाही. तिने माझ्याकडे पाहिले.

"नाना, तुमी वाचून दावलंत. मी बोट ठेवलं व्हतं."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपे गेले असते. दोन दिवस मुंबई पालथी घालून मी तिला तिचे नाव आणून दिले होते, आणि आता त्या नावाला किंमत नव्हती. मला फार वाईट वाटले. मी नुसताच वाळूवरच्या सामानाकडे पाहत राहिलो. कोलीम लागलेली गादी. दोरीचे वळ उमटलेले चाक. बांबूवरून उतरवलेले इंजिन.

"साहेब," मी म्हणालो, "हे इंजिन तुम्हाला कुणाच्या घरी मिळाले?"

"या बाईच्या."

"का होते तिथे? ती त्याचे काय करणार?"

"मूर्खपणा, दुसरे काय."

"गाडी एकट्या गोमाची असती, तर तो तिच्यातली सगळ्यांत महाग वस्तू शेजारणीच्या दारात नेऊन ठेवील? डालग्याखाली?"

पेस्तनजीने डोळे बारीक केले. "काल रात्री ठेवली असेल. मला दाखवायला."

"चाकाच्या कड्यावर दोरीने गंज धरला आहे, बघा. शिवाय तुम्हाला दाखवायला केले असते तर तुमची बोलणी खाल्ली असती का? आत्ता तुम्हीच म्हणालात, असा मूर्खपणा पाहिला नाही. मूर्खपणा असेल तर बनाव नाही. आणि बनाव नसेल तर हे चौघे मालक आहेत. मालकाशिवाय कुणी वाटे पाडत नाही, आणि पाडले तर सारखे पाडत नाही."

तो चाकापाशी गेला. कड्यावरचा गंज नखाने खरवडला. नांगराला अडकलेली चेन उलटीपालटी केली. मग हिराबाईसमोर येऊन उभा राहिला.

"बाई, इंजिन तुला कोणी दिले?"

"कोन देल? माझी खूण त्याच्यावर परली."

"तुला त्याचा काय उपयोग?"

"कायच न्हाय," हिराबाई म्हणाली. "पन माझा वाटा हाय."

पेस्तनजी हसला. दिवसभरात पहिल्यांदा. मग त्याने पेन काढले आणि धर्माच्या होडीला टेकून रिपोर्ट लिहायला घेतला. लिहिताना मला एकदाच विचारले, "वाटा याला इंग्रजीत काय लिहू?" मी म्हटले, वाटाच लिहा आणि पुढे समजावून सांगा, मीही तेच करतो.

मेहताने कुरकुर केली. चार चेक म्हणजे चौपट काम, असे त्याचे म्हणणे. पण चार चेक आले. हिराबाईचा चेक मी स्वतः थळला नेला. तिने पुन्हा विचारले, माझं नाव कंचं, आणि पुन्हा बोट ठेवले. या वेळी ते बोट तिने लवकर उचलले नाही. पुढे तिने तो चेक इतके दिवस देव्हाऱ्यात ठेवला की मला दोनदा खेपा घालून सांगावे लागले: हिराबाई, हा वटवावा लागतो, नाहीतर शिळा होतो. शेवटी वटला. हातात पाटल्या आल्या. त्या दाखवायला ती बाजारातून मुद्दाम माझ्या ओसरीवरून गेली, आणि हातातली टोपली एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतली.

सॅल्व्हेज कोण मुंबईला नेणार? कंपनीने ते चौघांनाच किरकोळ भावात देऊन टाकले. त्यांनी त्याचे पुन्हा वाटे पाडले. इंजिन या खेपेस लक्ष्मणाला गेले आणि गादी हिराबाईला. लक्ष्मणाची आई महिनाभर तिच्याशी बोलत नव्हती.

पुढे कोळीवाड्यातून मला बरीच गिऱ्हाइके मिळाली. दर सांगण्याआधी मी एकच विचारी: वाटे किती? मग प्रत्येक वाटेकऱ्याचा हिस्सा पहिल्याच दिवशी पॉलिसीत लिहून घेई, कंपनी कितीही कुरकुरली तरी. आणि निघताना सगळ्यांना बजावी, अपघात झाला तर गाडीला हात लावायचा नाही, सर्व्हेयर येईपर्यंत एक नटसुद्धा हलवायचा नाही.

हिराबाई आसपास असली की हे ऐकून हसायची, आणि हसताना हात पुढे घ्यायची. गाडीचे वाटे पाडले म्हणूनच मिळालेल्या त्या पाटल्या दिसल्या की पुढचे बजावणे मी जरा हळू आवाजात उरकून घेई.